विमानाचे पाय

इंद्रायणीच्या दक्षिणतीरी, देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या चिखलीला जुनी माणसे टाळगाव चिखली म्हणतात, आणि त्यामागची गावपरंपरा अशी सांगतात की, तुकोबांचे वैकुंठगमन झाले त्या वेळी त्यांच्या हातातील टाळ आकाशातून याच शिवारात पडले. परंपरेची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र तुकोबांचे आजोळ म्हणून वारकऱ्यांना परिचित असलेले लोहगाव चिखलीपासून सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटरांवर आहे, तेथील लष्करी विमानतळावरून उठलेली सुखोई विमाने अधूनमधून या आसमंतात गर्जना करीत जातात, आणि गावच्या कुदळवाडीतील पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर उभा असलेला कारागीर क्षणभर मान वर करून पुन्हा आपल्या जॉबकडे वळतो, हे दृश्य चिखलीत नवलाचे राहिलेले नाही. वर गेलेली ती वस्तू सुखरूप खाली कशी येते, हा प्रश्न त्या कारागिराच्या धंद्याशी कसा निगडित आहे, याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विमानविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पंखांचे, यंत्रांचे आणि वैमानिकांच्या शौर्याचे विपुल वर्णन केले. विमानाच्या पायांकडे, म्हणजे ज्याला कारखान्यांतून लँडिंग गिअर म्हणतात त्या चाकांच्या यंत्रणेकडे, त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. हे उपेक्षेचे धोरण आपल्या जुन्या बखरकारांनाही लागू पडते. घोड्याच्या जातिवंतपणाची वर्णने बखरींतून हवी तितकी सापडतात, नालबंदाचे नाव मात्र क्वचित आढळते. तथापि मराठ्यांचे दफ्तर बखरकारांहून अधिक जाणते होते. मोहिमेच्या आरंभी शिलेदारांना सरंजामासाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई तिला नालबंदी हेच नाव होते. आणि शिवकालीन अठरा कारखान्यांच्या व्यवस्थेत पीलखान्यापासून जवाहीरखान्यापर्यंत प्रत्येक खात्याला त्याचा अधिकारी, कारकून आणि जमाखर्च नेमून दिलेला होता. मोठ्या मोलाचे जनावर चार नालांवाचून अडून राहते, आणि नाल कोठीत आहेत की नाहीत हे वहीत पाहिल्याशिवाय कळत नाही, हा व्यवहार त्या कारभाऱ्यांना पक्का ठाऊक होता. पुढे येणाऱ्या हकिकतीत ही वही पुन्हा भेटेल.

आरंभीच्या विमानांना पाय लपविण्याची गरजच नव्हती. 1933 च्या एप्रिलमध्ये कराचीजवळ ड्रिग रोड येथे भारतीय हवाईदलाची पहिली तुकडी उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. त्यांची चाके कायम बाहेर लोंबत असत. पुढे त्याच दलात आलेल्या लायसँडर विमानांचे पायही असेच कायमचे बाहेर होते. वेग वाढू लागला तसतसा या उघड्या पायांना हवेचा विरोध असह्य होऊ लागला, आणि ते पोटात किंवा पंखांत मिटून घेण्याची तजवीज करावी लागली. सोव्हिएत देशाच्या पोलिकार्पोव्ह आय-16 या विमानाने 1933 साली प्रथम उड्डाण केले, तेव्हा त्याचे पाय मिटणे हे वैमानिकाच्या मनगटावर अवलंबून होते. एक हँडल 44 वेळा फिरविले म्हणजे चाके आत जात, आणि तितके फेरे होईपर्यंत विमान, म्हणतात, लाटांवर हेलकावणाऱ्या होडीसारखे डुलत राही. प्रारंभीच्या स्पिटफायरलाही हातपंपच होता. नंतर हे काम तेलाच्या दाबाकडे सोपविण्यात आले, वैमानिकाच्या हातून श्रम गेले, आणि त्यांच्या जागी नळ्या, झडपा, सांधे, कुलपे व दिवे यांची एक गुंतागुंतीची वसाहत विमानाच्या पोटात नांदू लागली. जेथे एक हँडल बिघडू शकत होते, तेथे आता शंभर गोष्टी बिघडू शकतात. प्रगतीची ही बाजू तिच्या स्तुतिपाठकांनी सहसा सांगितलेली नाही.

लोहगावचा तळ 1939 साली इंग्रजांनी उभारला, तो मुंबईच्या आकाशरक्षणासाठी. महायुद्धाच्या काळात वेलिंग्टन, मॉस्किटो आणि स्पिटफायर या जातींची विमाने येथे नांदली. स्पिटफायरचे सौंदर्य जगप्रसिद्ध आहे. तिचे पाय मात्र अगदी जवळजवळ रोवलेले, बाहेरच्या बाजूस मिटणारे, आणि म्हणून धावपट्टीवर तोल सांभाळण्यास कठीण असे होते. आकाशातील अप्सरेला जमिनीवर धड चालता येऊ नये, हा दोष आरेखकाने जाणूनबुजून पत्करला होता, कारण पाय पंखांच्या बुडाशी जोडले म्हणजे पंख हलके ठेवता येत. युद्धविमानाच्या पायांना नेहमीच असा उरलासुरला वाटा मिळत आला आहे: आधी यंत्र, मग शस्त्र, मग इंधन, आणि जी जागा व जे वजन शिल्लक राहील त्यात पायांनी आपला संसार मांडावा.

स्वातंत्र्यानंतर लोहगावावर कॅनबेरा बाँबफेकी विमाने आली, आणि 18 डिसेंबर 1961 रोजी गोवामुक्तीच्या पहिल्याच दिवशी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंड बाँब टाकले. लक्ष्य धावपट्टी हेच होते, इमारती नव्हत्या. कारण शत्रूची विमाने एकेक करून पाडण्यापेक्षा त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणे हे अल्पखर्चाचे काम असते. त्यातही गंमत अशी की, त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने शाबूत उरलेल्या तुकड्यावरून धाव घेऊन कराचीकडे निसटली. इतक्या बाँबवर्षावानंतर जी धावपट्टी विमानाला वर सोडू शकते, तीच एखादे मोडके चाक मध्यावर पडले म्हणजे दिवसभर निरुपयोगी होते, ही विसंगती दाबोळीने पुढे अनुभवली. 3 जानेवारी 2018 रोजी नौदलाचे मिग-29के विमान तेथे उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरून घसरून पेटले; प्रशिक्षणार्थी वैमानिक बचावला, आणि गोव्याची प्रवासी वाहतूक खोळंबली.

नौदलाच्या या विमानांविषयी 2016 साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी जो अहवाल संसदेस सादर केला, तो पायांच्या इतिहासात नोंदण्याजोगा आहे. मिळून 45 विमानांच्या दोन खरेद्या, पहिली 2004 सालची आणि दुसरी 2010 सालची. आणि त्यांपैकी एकआसनी विमाने सेवेस सिद्ध असण्याचे प्रमाण 15.93 ते 37.63 टक्के. याच्या अनेक कारणांपैकी एक असे की, विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरणे हे जमिनीवर उतरण्यासारखे अलगद नसते. ते जवळजवळ आपटणेच असते, आणि तो धक्का पायांतून वर चढून साऱ्या सांगाड्यास बसतो. परीक्षकांनी हा मामला शांत सरकारी गद्यात मांडला आहे. माझ्या मते शौर्यकथांच्या दहा ग्रंथांपेक्षा असा एक लेखाअहवाल विमानाविषयी अधिक सांगतो.

लोहगावच्या इतिहासाचे सांप्रतचे पर्व सुखोईचे आहे. 11 जून 1997 रोजी पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या उपस्थितीत सुखोई-30 विमाने येथे दलात दाखल झाली. 27 सप्टेंबर 2002 रोजी त्यांची सुधारित एमकेआय आवृत्ती येथेच रुजू झाली. पुढे परवाना घेऊन ती नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडू लागली. तो कारखाना मुळात 1960 च्या दशकात मिग-21 साठी उभा राहिला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि 1963 साली ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंसाठी सुमारे 13,500 कोटी रुपयांचा करार झाला. अनुषंगिक साहित्य धरून एका विमानाचा हिशेब 1,100 कोटींच्या पुढे जातो. पूर्ण भरलेले हे विमान 38 टनांहून अधिक वजनाचे असते, त्याच्या नाकाखालच्या पायास दोन आणि मागच्या प्रत्येक पायास एक अशी चाके असतात, आणि उतरल्यावर शेपटीतून सोडलेली छत्री त्याचा वेग आवरण्यास साह्य करते.

ही विमाने आणि पुण्याची प्रवासी विमाने एकाच अडीच किलोमीटरांच्या धावपट्टीवर नांदतात. सुखोईचा टायर फुटला की मुंबई-दिल्लीकडे निघालेल्या शेकडो लोकांनी खुर्च्यांवर बसून घड्याळे पाहावयाची, हा पुणेकरांचा परिचयाचा अनुभव आहे. आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीच्या डागडुजीसाठी हवाईदलाने ती 14 दिवस बंद ठेवली, तेव्हा साऱ्या शहराचे विमानोड्डाण बंद पडले. यात हवाईदलाची कसूर काढणे अन्यायाचे होईल. धावपट्टी त्यांची, पाहुणे आपण. 14 ऑक्टोबर 2014 रोजी लोहगावी उतरण्याच्या बेतात असलेल्या सुखोईतून दोन्ही वैमानिक आसनांसह आपोआप बाहेर फेकले गेले आणि ते विमान थेऊरजवळ कोसळले, त्या घटनेनंतर साऱ्या सुखोई काही आठवडे जमिनीवर बसवून तपासाव्या लागल्या. तेथे दोष चाकांचा नव्हता. पण उतरतानाची ती शेवटची काही मिनिटे किती नाजूक असतात, याची प्रचीती थेऊरच्या शेतकऱ्यांना आली.

पायांचाच दोष, आणि तोही अत्यंत महाग, पाहावयाचा असेल तर अलास्कात जावे लागते. 28 जानेवारी 2025 रोजी आयेल्सन येथील अमेरिकी तळावरून एक एफ-35 विमान उडाले. थंडी शून्याखाली सुमारे 18 अंश. उड्डाणानंतर नाकाखालचा पाय नीट मिटेना. पुन्हा बाहेर काढला तर चाक सरळ न राहता डावीकडे 17 अंशांनी वळून अडकले. वैमानिकाने पुस्तकातील सर्व उपाय करून पाहिले आणि अखेर आकाशातूनच विमान घडविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांशी संभाषण जोडले. सुमारे 50 मिनिटे ही मसलत चालली: खाली पाच अभियंते विचार करीत आहेत आणि वर एक माणूस ताशी शेकडो किलोमीटरांनी घिरट्या घालीत त्यांचे निर्णय ऐकत आहे. चाक सरळ व्हावे म्हणून दोनदा मागचे पाय जमिनीला टेकवून पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयोग झाला. त्याने नाकाचे चाक तर सरळ झाले नाहीच, उलट मागचे पायही गोठून पूर्ण लांबेनात; आणि पायांवर भार आहे की नाही हे सांगणाऱ्या संवेदकांनी संगणकाला खोटी साक्ष दिली की विमान जमिनीवर उभे आहे. संगणक आज्ञाधारक, त्याने जमिनीवरचे नियम लागू केले आणि हवेतले विमान अनावर झाले. वैमानिक छत्रीने उतरला. विमान मात्र तळावरच कोसळून जळाले. चौकशी अहवालाने हानीची किंमत लिहिली 19 कोटी 65 लाख डॉलर, म्हणजे आपल्या चलनात सुमारे 1,700 कोटी रुपये.

कारण काय निघाले? पायांत भरलेल्या तेलाची तपासणी केली तेव्हा त्यात सुमारे एक तृतीयांश पाणी आढळले. ते पाणी गोठले, आणि लोखंडाला जे वाकविता आले नसते ते बर्फाने अडविले. हे पाणी आले कोठून, याचा शोध घेता घेता चौकशीकर्ते विमानापासून निघून कोठारात पोहोचले: तेलाचे पिंप नीट राखलेले नव्हते, साठ्यावर देखरेख कोणाची याचा ठिकाणा नव्हता, नोंदी अपुऱ्या होत्या. नऊ दिवसांनी त्याच तळावरील दुसऱ्या विमानात तशीच लक्षणे दिसली. ते सुदैवाने सुखरूप उतरले. जगातील सर्वांत श्रीमंत लष्कराचे सर्वांत अभिमानाचे विमान शत्रूने पाडले नाही. कोठीच्या वहीने पाडले. शिवकालीन कारखान्याच्या एखाद्या कारकुनाने ही हकिकत ऐकली असती, तर त्याला विमान कळले नसते, पण कसूर तात्काळ कळली असती.

दक्षिण कोरियातील उदाहरण याहून थोडक्यात आटोपते. 4 जानेवारी 2022 रोजी तेथील एका एफ-35 वर गरुड जातीचा पक्षी आदळला, तेल व वीज यांच्या वाहिन्या तुटल्या, पाय बाहेर आले नाहीत, आणि वैमानिकाने विमान पोटावर उतरविले. त्याच्या अंगास इजा झाली नाही. परंतु दुरुस्तीचा खर्च 14,000 कोटी वॉन आणि विमानाची मूळ किंमत 11,000 कोटी वॉन असा हिशेब झाल्याने पुढे ते विमान सेवेतून काढून कारागिरांच्या शिक्षणासाठी ठेवण्यात आले.

आता चिखलीकडे वळू. 1961 साली नीळकंठराव कल्याणी यांनी पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जची स्थापना केली, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि 1966 च्या सुमारास सुमंत मुळगावकरांनी टाटांच्या टेल्कोचा पुण्याचा कारखाना पिंपरीच्या उजाड माळावर उभा केला, तेव्हा या परगण्याने विमानाचे नावही काढलेले नव्हते. काम होते ट्रकच्या आसांचे, क्रँकशाफ्टचे आणि गिअरचे. टेल्कोच्या प्रशिक्षणशाळेतून फाइल घासण्यापासून शिकलेली मुले पुढे आपापली दोन-दोन लेथ टाकून भोसरी, तळवडे, चिखली, कुदळवाडी येथे मालक झाली. चिखलीचा समावेश 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत झाला; त्याच सुमारास चिखलीच्या हद्दीत प्राधिकरणाच्या पेठांत टाटांचा मोटारींचा कारखाना सजत होता, आणि 1998 च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली. शेती गेली, बैलगाड्यांचे सुतार-लोहार गेले, आणि त्यांच्या जागी मायक्रॉनमध्ये बोलणारी एक नवी बलुतेदारी आली. पेशवाईत कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर असे. तो भरणाऱ्या लोहाराची नोंद तरी दफ्तरात राहिली. या नव्या लोहारांची नोंद कोठे आहे?

ट्रकच्या आसापासून विमानाच्या पायापर्यंतचे अंतर दिसते तितके लांब नाही, आणि वाटते तितके जवळही नाही. दोहोंचे कूळ एकच: तापलेल्या पोलादाला दाबाखाली आकार देणे, मग कातणे, मग पाणी चढविणे. विमानाचा पाय हा मुळात एकात एक सरकणारा दुहेरी दंडगोल असतो. आत तेल आणि नायट्रोजन कोंडलेला. उतरताना भार पडला की तेल बारीक छिद्रातून पलीकडे लोटले जाते आणि धक्क्याचे रूपांतर उष्णतेत होते. मात्र पोलाद असे लागते की त्याच्या ताकदीपुढे ट्रकचा आस कोवळा ठरावा. अशा पोलादाचा स्वभाव तापट असतो. ग्राइंडिंग करताना क्षणभर जास्त दाब पडला तर पृष्ठभाग जळतो आणि तो डाग डोळ्यांना दिसत नाही. मुलामा चढविताना शिरलेला हायड्रोजन भट्टीत तासन्तास भाजून बाहेर काढला नाही, तर महिन्यांनंतर, कोणी हात लावलेला नसताना, तो भाग आपोआप तडकतो. म्हणून या धंद्यात कारागिराच्या हाताइतकेच त्याच्या कागदाला महत्त्व आहे. पोलादाचा हीट नंबर, भट्टीचा आलेख, कोणत्या पाळीत कोणत्या ऑपरेटरने बोअर केले, कोणी मोजले, हे सारे जॉब कार्डावर चढवावे लागते आणि वर्षानुवर्षे जपावे लागते. ट्रकच्या कामातून आलेल्या जुन्या मालकाला प्रथम हा कागदांचा पसारा उपद्रव वाटतो, "माल बघा ना, कागद काय बघता?" हे उद्गार या पट्ट्यात हमखास ऐकू येतात. त्यांचे उत्तर आयेल्सनच्या कोठारात आहे.

2025 साली पॅरिसच्या विमान प्रदर्शनाच्या सुमारास भारत फोर्जने लीभेर या युरोपीय कंपनीसाठी लँडिंग गिअरचे भाग घडविणारा कारखाना पुण्यात उभारण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला ओझर येथे तेजस विमानांच्या नव्या उत्पादनमालिकेचे उद्घाटन झाले. म्हणजे मुंढवा, चाकण, चिखली आणि ओझर यांच्या दरम्यान नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना विमानाचे पाय घडविण्याची विद्या हळूहळू स्थिरावत आहे. दुसऱ्या बाजूस त्याच 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील अनधिकृत ठरविलेली हजारो बांधकामे आठवडाभरात भुईसपाट केली. त्यांत भंगाराची गोदामे होती, तशीच लहान कारखान्यांची शेडही होती. कायद्याच्या दृष्टीने काय योग्य होते हा वाद न्यायालयांचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने एवढे खरे की त्या शेडांबरोबर दोन पिढ्यांच्या कामाच्या वह्या, हाताने काढलेली ड्रॉइंगे आणि फिक्स्चर भंगारात गेली.

या धंद्याचा इतिहास लिहिण्यास अजून वेळ गेलेली नाही. चिखली, तळवडे, भोसरी या भागांत ज्यांच्या घरी वडिलांच्या काळातील जॉब रजिस्टर, मोजमापांच्या वह्या किंवा पहिल्या ऑर्डरींची पत्रे पेटीत पडून असतील, त्यांनी ती रद्दीवाल्यास देऊ नयेत. एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे ती घेऊन जावीत, आणि स्वीकारणाऱ्या संस्थांनीही मोडी रुमालांच्या शेजारी या तेलकट वह्यांना जागा द्यावी.